अठ्ठेचाळीस व्होल्ट म्हणजे नक्की किती?

चंडीगढच्या रेल्वे स्थानकाबाहेर ई-रिक्षांची रांग असते. गाडी येईपर्यंत चालक एकमेकांच्या रिक्षात बसून गप्पा मारतात आणि बोलणे फिरून फिरून बॅटरीवर येते. कुणाकडे 'पानीवाली' असते, कुणी पैसे जमवून 'लिथियमवाली' बसवलेली असते. पानीवाली म्हणजे शिसे-आम्ल बॅटरी: बारा व्होल्टच्या चार जड पेट्या, आसनाखाली एकामागोमाग एक जोडलेल्या. लिथियमवाली म्हणजे पत्र्याची एकच बंद पेटी, वजनाला कितीतरी हलकी. दोघांनाही विचारा, "बॅटरी किती व्होल्टची?" दोघेही सांगतात, अठ्ठेचाळीस.

आता अशी कल्पना करा, की रात्री दोन्ही रिक्षा एकाच शेडमध्ये चार्जिंगला लागल्या आहेत आणि लिथियमवाल्याचा चार्जर बंद पडला आहे. शेजारी पानीवाल्याचा चार्जर मोकळा आहे. त्यावरही ४८ व्होल्ट लिहिलेले आहे, पिनही बसते. सकाळी सहाला धंद्यावर निघायचे आहे. लावावा का तो चार्जर?

चंडीगढमध्ये हा प्रश्न आता घराघरात शिरला आहे. सप्टेंबर २०२२मध्ये तिथल्या प्रशासनाने पाच वर्षांचे इलेक्ट्रिक वाहन धोरण आणले. पेट्रोलवर चालणाऱ्या दुचाकींच्या नोंदणीवर मर्यादा घातली, विरोध झाल्यावर ती सैल केली. पण एवढ्या काळात विजेच्या स्कूटर आणि रिक्षा रस्त्यावर रुळल्या. घरात इन्व्हर्टर होताच. ड्रिल मशीन, कॅमेरा, मुलांची खेळणी, दाढीचे यंत्र यांचे चार्जर खणात पडलेले होतेच. पुणे, नाशिक, नागपूर इथली घरेही याहून वेगळी नाहीत. म्हणून त्या शेडमधल्या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घेऊ. ते समजले की बाकीचे सगळे चार्जर आपोआप ओळखू येतात.

छापलेला आकडा आणि खरा आकडा

बॅटरीवर छापलेले व्होल्टेज हे तिचे हाक मारायचे नाव असते. चार्ज होताना तिचे व्होल्टेज त्या नावाच्या बरेच वर जाते आणि वापरताना खाली येते. किती वर जाऊ द्यायचे, हे आत कोणते रसायन आहे आणि किती सेल आहेत यावर ठरते.

शिसे-आम्लाचा एक सेल नावाला २ व्होल्टचा. रिक्षातल्या चार पेट्यांत असे २४ सेल असतात, म्हणून ४८. पूर्ण भरताना प्रत्येक सेलला साधारण २.४ व्होल्ट द्यावे लागतात. २४ गुणिले २.४ म्हणजे ५७.६ व्होल्ट.

लिथियममध्ये दोन मोठी घराणी आहेत. एकात निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असते. त्याला एनएमसी म्हणतात. त्याचा सेल नावाला ३.६ किंवा ३.७ व्होल्टचा आणि पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. दुसऱ्यात लोह आणि फॉस्फेट असते, ते एलएफपी. त्याचा सेल नावाला ३.२चा आणि भरल्यावर ३.६५चा. आता वेगवेगळ्या '४८ व्होल्ट' बॅटऱ्यांना चार्जरकडून किती व्होल्ट लागतात ते पाहा:

शिसे-आम्ल, २४ सेल: ५७.६
एनएमसी, १३ सेल: ५४.६
एनएमसी, १४ सेल: ५८.८
एलएफपी, १५ सेल: ५४.७५
एलएफपी, १६ सेल: ५८.४

बाजारात या पाचांनाही बहुतेक जण 'अठ्ठेचाळीस'च म्हणतात.

आता शेडमध्ये परत जाऊ. समजा लिथियमची पेटी १३ सेलची एनएमसी आहे. तिला पानीवाल्याचा चार्जर लावला, तर ५७.६ व्होल्ट १३ सेलांत वाटले जातील. प्रत्येकाच्या वाट्याला ४.४३ आले. सांगितले होते ४.२. फरक पाव व्होल्टाहूनही कमी आहे, पण अशा सेलला सोसते ती चूक साधारण ०.०५ व्होल्टची. इथे ती जवळजवळ पाचपट झाली.

त्या जादा पाव व्होल्टाने सेलच्या आत काय होते? चार्जिंगमध्ये लिथियमचे आयन धनाग्राकडून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. थर भरले की येणाऱ्या लिथियमला जागा उरत नाही आणि ते धातूच्या रूपात पृष्ठभागावर साचू लागते. तिकडे धनाग्राची रचना ढासळते आणि त्यातून ऑक्सिजन सुटतो. सेलमधला द्रव ज्वलनशील असतो. तो विघटित होऊन वायू तयार होतो, सेल फुगतो, तापतो. ठरावीक तापमान ओलांडले की आतल्या क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करतात आणि ती उष्णता त्या क्रियांना आणखी वेग देते. त्यानंतर चार्जर काढूनही उपयोग होत नाही.

"पण आत बीएमएस असते ना?" हा प्रश्न रास्त आहे. बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे पेटीतले ते छोटे सर्किट, प्रत्येक सेलवर नजर ठेवते आणि मर्यादा ओलांडली की प्रवाह तोडते. बहुतेक वेळा ते वाचवते. मात्र ते अडीअडचणीसाठी बसवलेले असते. चुकीचा चार्जर रोज लावणे म्हणजे गाडी रोज हँडब्रेकवर थांबवण्यासारखे आहे. ते सर्किट ज्या दिवशी बिघडेल, त्या दिवशी मध्ये कुणीच उरणार नाही.

उलटी अदलाबदल केली तर? १३ सेलच्या लिथियमचा ५४.६ व्होल्टचा चार्जर पानीवाल्या बॅटरीला लावला, तर प्रत्येक सेलला २.२७ व्होल्ट मिळतात. एवढ्यावर भरलेली शिसे-आम्ल बॅटरी भरलेली राखता येते, रिकामी पुरती भरता येत नाही. आग लागत नाही, पण बॅटरी रोज थोडी अर्धपोटी राहते, प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात आणि वर्षे चालायची बॅटरी काही महिन्यांत बसते. ज्याचे घर त्या रिक्षावर चालते, त्याला हा फटकाही लहान नाही.

प्रत्येकीचे पथ्य वेगळे

ल कॉर्बुझिएने चंडीगढची आखणी करताना रस्त्यांचे सात प्रकार ठरवले, व्ही-१ ते व्ही-७. एक शहराबाहेर जाणारा महामार्ग, एक सेक्टरला वळसा घालणारा जलद रस्ता, एक दुकानांचा, एक घराच्या दारापर्यंत नेणारा, शेवटचा पायी चालणाऱ्यांचा. पुढे सायकलींसाठी आठवा जोडला गेला. ज्या वाहनाचा जो वेग, त्याला तसा रस्ता. बॅटरीच्या चार्जरचेही असेच आहे. व्होल्टेज जुळवणे ही पहिली पायरी. भरण्याची रीतही जुळावी लागते.

लिथियमची रीत घागर भरण्यासारखी आहे. रिकामी असताना नळ पूर्ण सोडायचा, काठाशी पाणी आले की धार बारीक करायची, भरली की नळ बंद. चार्जर आधी एकसारखा प्रवाह देतो, सेल ठरलेल्या कमाल व्होल्टेजला पोहोचल्यावर व्होल्टेज तिथेच रोखून धरतो आणि प्रवाह आपोआप घटत जातो. तो सुरुवातीच्या दहाव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून खाली आला की चार्जिंग थांबते. त्यानंतर थेंब-थेंब देत राहणे लिथियमला चालत नाही.

शिसे-आम्लाला मात्र तेच हवे असते. तिची भरलेली घागर हळूहळू झिरपते, म्हणून बारा व्होल्टच्या बॅटरीला १३.५ ते १३.८ व्होल्टवर धरून ठेवतात. काही चार्जर पाणी घालायच्या बॅटरीला अधूनमधून १५ व्होल्टच्या वर नेऊन सगळे सेल समपातळीला आणतात. पाण्याच्या बॅटरीला हे औषध आहे. बंद एसएमएफ बॅटरीला तेच मारक ठरते, कारण त्यातले उडालेले पाणी परत भरता येत नाही. लिथियमला तर ते विषच.

खेळण्यात आणि फ्लॅशगनमध्ये घालतो ते पुन्हा चार्ज करता येणारे पेन्सिल सेल बहुधा निकेल-मेटल हायड्राइडचे असतात, प्रत्येकी १.२ व्होल्टचे. भरल्याची खूण ते चमत्कारिक देतात: व्होल्टेज वाढत वाढत जाते आणि भरल्यावर किंचित घसरते. ती घसरण काही मिलिव्होल्टचीच असते. चांगला चार्जर ती टिपतो, शिवाय सेलच्या तापमानावर लक्ष ठेवतो. जुन्या निकेल-कॅडमियम सेलमध्ये ही घसरण अधिक ठळक असते. म्हणून निकेल-मेटल हायड्राइडचा चार्जर कॅडमियमच्या सेलला सहसा चालतो. उलट केले, तर त्या चार्जरला खूण कळत नाही आणि सेल तापत राहतो.

आणि साधे अल्कलाइन सेल, घड्याळातले बटण-सेल? ते एकदाच वापरायचे. त्यांना कोणत्याच चार्जरमध्ये ठेवू नका. सेलवर 'रिचार्जेबल' असे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर तो रिचार्जेबल नाही असेच धरायचे.

मोबाइलचा 'चार्जर'

"मग माझ्या लॅपटॉपच्या टाइप-सी चार्जरवर मोबाइल कसा चालतो?" असे कुणी विचारेल. कारण भिंतीत लावतो तो चौकोनी ठोकळा खऱ्या अर्थाने चार्जर नसतोच, तो नुसता वीज पुरवतो. खरा चार्जर फोनच्या पोटात आहे. फोन आणि ठोकळा केबलमधून आधी बोलून घेतात, ५ व्होल्ट हवेत, ९ हवेत की २०, आणि ठरल्यावरच व्होल्टेज वाढते. आपल्या बॅटरीला काय झेपते हे फोनचे सर्किट स्वतः ठरवते.

रिक्षा, साधी ई-सायकल, फवारणीचा पंप यांत असे बोलणे बहुधा होत नाही. तिथे ठोकळा हाच चार्जर. तो जे देईल ते थेट बॅटरीवर पडते. फोनवरून लागलेली 'पिन बसली की झाले' ही सवय तिथे घेऊन गेलो की घात होतो.

इन्व्हर्टर या दोघांच्या मधला. त्याचा चार्जर आतच असतो, पण कोणती बॅटरी लावली आहे हे त्याला आपण सांगायचे असते. अनेक इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला एक छोटा सरकता खटका असतो: ट्युब्युलर, फ्लॅट किंवा एसएमएफ. नव्यांमध्ये लिथियमचाही पर्याय येतो. बॅटरी बदलताना माणूस जुनी नेतो, नवी जोडतो, दिवा लावून दाखवतो आणि जातो. खटका तसाच राहतो. पुढच्या वेळी बॅटरी बदलाल तेव्हा त्या माणसाला जाऊ देण्याआधी टॉर्च घेऊन मागे वाका आणि खटका पाहा. दहा सेकंदांचे काम आहे.

उन्हाळा आणि हिवाळा

चंडीगढ शिवालिकच्या पायथ्याशी आहे. मे-जूनमध्ये पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, जानेवारीच्या धुक्यात तो ५ अंशांच्या खालीही उतरतो. बॅटरीचे रसायन हे सगळे सोसत असते.

शिसे-आम्लाच्या बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी २५ अंशांपासून तापमान एका अंशाने वाढले, की चार्जरने व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने कमी करावे, घटले की तेवढेच वाढवावे, असा ढोबळ नियम आहे. २५ अंशांना १३.६ व्होल्ट योग्य असतील, तर ४० अंशांना १३.३३ आणि ५ अंशांना १३.९६. तापमान न ओळखणारा चार्जर उन्हाळ्यात बॅटरीला जास्त भरवतो आणि हिवाळ्यात उपाशी ठेवतो. उन्हाळ्यात डिस्टिल्ड वॉटर लवकर संपते त्याचे एक कारण हेच.

हिवाळ्याचा धोका वेगळा आहे. थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट बंद असतात आणि इन्व्हर्टर जिन्याखाली. शिसे-आम्ल बॅटरी भरत आली की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. कुजक्या अंड्यांसारखा वास आला, तर बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होते आहे असे समजावे. तिथला कोणताही खटका न दाबता खिडक्या उघडाव्यात आणि चार्जिंगचा पुरवठा दूरच्या मुख्य स्विचवरून बंद करावा.

लिथियमला शून्याखाली चार्ज करायचे नसते. थंडीत आयन ग्रॅफाइटमध्ये सहज शिरत नाहीत आणि पृष्ठभागावर धातू साचतो, म्हणजे जास्त व्होल्टेजने होते तेच नुकसान योग्य व्होल्टेजलाही होते. चंडीगढहून शिमला साधारण ११५ किलोमीटर. वर बर्फ पडला असताना ई-सायकल किंवा कॅमेऱ्याची बॅटरी नेली असेल, तर ती आधी खोलीत उबेला येऊ द्या, मग चार्जर लावा. उन्हाळ्यात याच्या उलट: तापलेली बॅटरी आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका, अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या.

आगींनी शिकवलेले

ऑक्टोबर २०२३मध्ये एका रात्री चंडीगढच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेच्या नेहरू रुग्णालयात आग लागली. वीज गेल्यावर बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणारी यूपीएस यंत्रे ठेवलेल्या भागात ती सुरू झाली. धूर वर पसरला आणि शेकडो रुग्णांना खाटांसह बाहेर काढावे लागले. जीवितहानी टळली, ती तिथल्या कर्मचाऱ्यांच्या धावपळीमुळे.

महाराष्ट्राने २०२२मध्ये याहून वाईट पाहिले. मार्चमध्ये पुण्यात लोहगावला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटली. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधून निघालेल्या स्कूटरांपैकी २० जळाल्या. या दोन्ही वेळी चार्जर लावलेला नव्हता, हे लक्षात ठेवले पाहिजे. बॅटरीची घडणच सदोष असेल, तर योग्य चार्जरही तिला वाचवू शकत नाही. सप्टेंबरमध्ये वसईत एका घरात रात्री चार्जिंगला लावलेली स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली. जवळच झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि आठवडाभरात गेला. झोपायच्या खोलीत बॅटरी चार्ज करू नका हे वाक्य लिहिताना तो मुलगा डोळ्यांसमोर असतो.

त्याच वर्षी केंद्र सरकारने एआयएस-१५६ हे बॅटरी सुरक्षेचे मानक कडक केले. सुधारणा १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. त्यांत चार्जरसाठी स्वतंत्र अटी आहेत: ठरलेल्या व्होल्टेजला चार्जिंग तोडणे, प्रत्येक वेळी सुरुवात सावकाश करणे, फार उतरलेली बॅटरी ओळखून आधी हलका प्रवाह देणे, जमिनीकडे वीज गळत असेल तर ती पकडणे. म्हणजे कंपनीने गाडीबरोबर दिलेला चार्जर हा गाडीच्या सुरक्षेचाच भाग झाला. तो हरवला म्हणून बाजारातून स्वस्तातला आणणे म्हणजे तो भाग काढून टाकणे.

जोडी जुळवताना

आता चार्जर हातात घ्या आणि उलटा करा. लेबलवर 'इनपुट' आणि 'आउटपुट' अशा दोन ओळी असतात. आपल्या कामाची दुसरी. समजा तिथे लिहिले आहे: ५४.६ व्होल्ट, ५ अँपिअर. ५४.६ला ४.२ने भागा, नेमके १३ येतात. हा १३ सेलच्या एनएमसीचा चार्जर. तिथे नुसते '४८ व्होल्ट' असेल आणि खरा आकडा कुठेच नसेल, तर तो चार्जर विकत घेऊ नका.

व्होल्टेज जुळले की रसायन पाहा. ५८.४ आणि ५८.८ हे आकडे शेजारी दिसतात, पण पहिला १६ सेलच्या एलएफपीचा आणि दुसरा १४ सेलच्या एनएमसीचा आहे. बॅटरीवर रसायनाचे नाव नसेल, तर विकणाऱ्याकडून ते बिलावर लिहून घ्या.

मग प्रवाह पाहा. बॅटरीवर लिहिलेल्या कमाल चार्जिंग प्रवाहापेक्षा चार्जरचे अँपिअर जास्त नसावेत. १०० अँपिअर-तासांच्या पाण्याच्या बॅटरीला साधारण १० ते १५ अँपिअर पुरतात. लिथियमला कमी अँपिअरचा चार्जर लावला, तर फक्त वेळ जास्त लागतो. निकेल-मेटल हायड्राइडची गोष्ट निराळी: प्रवाह फार कमी असेल तर ती शेवटची घसरण दिसतच नाही. तिथे चार्जरवर दिलेली वेळ पाळावी.

मग धन-ऋण पाहा. लाल-काळ्या तारांवर विसंबू नका, पिनेचा आकार सारखा असूनही ध्रुव उलटे असू शकतात. मल्टिमीटरने एकदा तपासा. शेवटी भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि त्याखालचा 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का तेही पाहा.

जुळलेला चार्जरसुद्धा दारात किंवा जिन्यात लावू नये, कारण आग लागली तर तीच बाहेर पडायची वाट असते. बॅटरी फुगली असेल, गोडसर वास येत असेल, सूंऽऽ असा आवाज येत असेल, तर तिला पुन्हा चार्जिंग नाही. धूर दिसला तर सामान वाचवत बसू नका. घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ किंवा ११२ला फोन करा.

आता शेडमधल्या चालकाला उत्तर देता येईल. नको, लावू नको. उद्याची सकाळ बुडेल, एका दिवसाची कमाई जाईल, पण रिक्षा राहील आणि तूही राहशील.

तुमच्यासाठी एक काम सांगतो, आजच करा. घरातले सगळे चार्जर आणि बॅटऱ्या एका टेबलावर मांडा. प्रत्येक जोडीला एका रंगाची चिकटपट्टी लावा आणि चार्जरवर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहा: कोणत्या बॅटरीचा, किती व्होल्टचा. ज्या चार्जरची जोडी सापडणार नाही, तो परत खणात ठेवू नका. ई-कचऱ्यात द्या. पिन बसते म्हणून कधीतरी कुणीतरी तो लावून पाहणारच.